हाडांचा दाखला

आमच्या शाळेत दरवर्षी शिक्षकांची आरोग्य तपासणी होते आणि तिच्यावर शिक्षकांच्या खोलीतला चहा पुढे महिनाभर चालतो. कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब, कुणाचं यकृत. यंदा हा मान माझ्या हाडांना मिळाला.

हाडांची तपासणी तशी सोपी. टाच एका पेटीत ठेवायची, पेटी थोडा वेळ गुरगुरते आणि नर्स आकडा वाचते. माझा आकडा वाचून नर्सने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि मागच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सर, जन्मसाल बरोबर लिहिलंय ना?"

"बरोबर आहे."

"मग हाडं तुमच्या आधी जन्मली असणार."

रांगेत माझ्या मागे व्यायामाचे शिक्षक उभे होते. त्यांनी अत्यंत हळुवारपणे माझ्या कोपराला आधार दिला. त्या आधारातच सगळी बातमी शाळाभर गेली. दुसऱ्या दिवशी मी ग्लोब घेऊन वर्गाकडे निघालो, तर सातवीतली एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, "द्या सर, जड असेल." मी भूगोल शिकवतो. पृथ्वी आतून भरीव असते हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे, पण ग्लोब प्लास्टिकचा आणि पोकळ असतो, हे त्या मुलीला माहीत नव्हतं असं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या गावच्या, म्हणजे सामेईच्या, नौका मंडळाचा फोनवरच्या गटात निरोप आला. पाचव्या चांद्र महिन्यातल्या ड्रॅगन-नावांच्या शर्यतीत नावेत बसणाऱ्या पन्नाशीवरच्या प्रत्येकाने हाडं धड असल्याचा दाखला आणावा. मागच्या वर्षी कुठल्यातरी गावात वल्हवता वल्हवता एकाची बरगडी तडकली होती, म्हणून ही काळजी. निरोपाखाली मंडळाचे प्रमुख शेउंग काका यांचं नाव, आणि नावाखाली हात जोडलेलं चित्र.

आता सामेई गाव म्हणजे दक्षिण चीनमधल्या फोशान शहराने चहूबाजूंनी गिळलेलं गाव. शेतं गेली, तळी गेली, मी स्वतः बसने जाण्याइतक्या लांब तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. राहिला तो कालवा, देवळापुढचा वड आणि लाकूड तडकू नये म्हणून चिखलात पुरून ठेवलेली आमची लांबलचक नाव. त्या नावेतलं डावीकडचं मधलं फळकूट माझं. माझ्या आधी ते वडिलांचं होतं. एकदा का तिथून उठलो की तिथे माझा चुलतभाऊ बसणार, आणि तो बसला की उठणारा नव्हे. त्याला मी लग्नाच्या पंगतींत पाहिलेलं आहे.

"मी हाडं घट्ट करणार," मी घरी जाहीर केलं.

माझी बायको पुई-क्वान बँकेत असते. तिला उत्साहाचं वावडं आहे असं नाही, पण माझ्या उत्साहाचा तिला दीर्घ अनुभव आहे. तिने वर न पाहता विचारलं, "शर्यतीच्या आत?"

"शर्यतीच्या आत."

"नवीन भांडं आणशील ते माझ्या तांदळाच्या डब्यावर ठेवू नकोस."

भांडं आणणार हे तिला कसं कळलं, हे मला अजून समजलेलं नाही.

मी गेलो पून वैद्यांकडे. पून वैद्य म्हणजे पिढीजात हाडवैद्य. निखळलेला खांदा ते बोलता बोलता बसवतात, माणूस "दुखेल का?" विचारत असतो तेव्हा काम झालेलं असतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाठ अशी सरळ, की त्यांच्यासमोर बसलं की आपणच आपोआप ताठ होतो. मी पायाची टाच पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि मनगट मागितलं. मग जीभ.

"झोप?"

"उशिरा. पेपर तपासायचे असतात."

"रात्री लघवीला उठता?"

"वैद्यबुवा, मी हाडांसाठी आलोय."

"हाडं बोलत नसतात," ते म्हणाले. "हाडांचं सगळं मूत्रपिंडांच्या हातात. तिथला साठा भरला की मज्जा भरते, मज्जा भरली की हाड भरतं. तुम्ही शिपायाची तक्रार घेऊन आलात, मी साहेबाची नाडी बघतोय."

मला हे फारच पटलं. आमच्या शिक्षण खात्यात अगदी असंच आहे.

त्यांनी औषधं बांधून दिली. त्यात एक जाड साल होती. ती त्यांनी माझ्यासमोर मोडून हळूच ताणली, तर दोन तुकड्यांच्या मध्ये पांढऱ्या रेशमासारखे धागे लोंबत राहिले. तुटता तुटत नव्हते. "कंबर आणि गुडघे अशी धरली पाहिजेत," ते म्हणाले. दुसरा एक कंद होता, त्याचं आमच्याकडचं नावच 'मोडलेलं जोडणारा'. शिवाय काळे सोयाबीन, काळे तीळ, अक्रोड. काळं ते मूत्रपिंडाचं, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डुकराच्या पाठकण्याचं सूप. लवकर झोप, सकाळचं ऊन. आणि रोज सकाळी चवड्यांवर उभं राहून टाचा धपकन जमिनीवर टाकायच्या. त्या हादऱ्याने हाड जागं होतं.

"शर्यतीपर्यंत घट्ट होतील ना?"

"झाडाला कुणी विचारतं का असं?" ते म्हणाले. "ऋतू जावे लागतात. आणि घाबरू नका. भीतीने आधी मूत्रपिंडच खचतं. कुठल्या गावची नाव म्हणालात?"

"सामेई."

"हं," पून वैद्य म्हणाले आणि पुडी बांधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाचा आपटल्या. इतका आनंद झाला की सांगता येत नाही. कवटीपर्यंत झिणझिण्या गेल्या, जणू प्रत्येक मणका हजेरी देतोय. म्हणून मी ठरल्यापेक्षा जास्त आपटल्या. तेवढ्यात दारावरही कुणीतरी आपटू लागलं.

खालच्या मजल्यावरच्या थाम काकू. ऐंशीच्या घरातली बाई, पण जिने चढून आली होती ते धाप न लागता, केवळ रागाच्या जोरावर. त्यांच्याकडे सकाळचा माहजाँगचा डाव बसतो. माझ्या पहिल्या हादऱ्याला त्यांच्या सोंगट्यांची भिंत कोसळली, आणि कोसळताना त्यांच्या वाटणीच्या सगळ्या सोंगट्या मैत्रिणींनी पाहिल्या.

"जिंकत होते मी," थाम काकू म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा त्या चष्मेवालीला हरवत होते. वर काय घोडा बांधलायस?"

मी त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा राग उतरला आणि त्याजागी त्याहून भयंकर असं काही चढलं, ते म्हणजे कळकळ. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या, काढ्याच्या भांड्याचं झाकण उचललं, नाक मुरडलं. "जोडा जळतोय असा वास येतोय. विस्तव मोठा केलायस. आणि सुपात सुकी लाल बोरं कुठेत? नुसती हाडं उकळतोयस होय, कुत्र्याला घालायची आहेत का?"

उघड्या दारातून वरच्या मजल्यावरचे याउ दादा डोकावले. हे निवृत्त आचारी. मोठ्या हॉटेलात त्यांच्या हाताखाली बारा गडी होते, आणि निवृत्तीनंतर हाताखाली कुणी नसल्याचं दुःख ते आमच्या इमारतीवर काढतात.

"बोरं कुणी टाकायला सांगितली?" ते म्हणाले.

"मी."

"तरीच. आधी हाडं उकळत्या पाण्यातून काढायची, फेस टाकायचा. मग आल्याचा तुकडा. बोरं शेवटी. माक सर, तुम्ही भूगोल शिकवा, पळी इकडे द्या."

त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरात मला उभं राहायला जागा उरली नाही. सूप कसं करावं यावर कँटनी माणसं ज्या निष्ठेने भांडतात, त्या निष्ठेने राज्यं चालवली असती तर काय झालं असतं, असा विचार करत मी माझ्याच घरात दाराशी उभा राहून वाटी पुढे करत असे. पण सूप असं होई की पुई-क्वानसुद्धा दुसऱ्यांदा घेई. "तुझ्या हाडांसाठी नाही," ती म्हणे. "चांगलं झालंय म्हणून."

प्रश्न उरला चोथ्याचा आणि हाडांचा. थाम काकूंचं म्हणणं, काढ्याचा चोथा कचऱ्यात टाकणं म्हणजे दुखणं घरातच ठेवणं. तो चौकात टाकायचा. येणारे-जाणारे तुडवतात आणि दुखणं घेऊन जातात. थोडक्यात उतारा. मी विज्ञानाचा माणूस आहे, पण फळकूट माझ्या वडिलांचं होतं. मी संध्याकाळी पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेलो, इकडेतिकडे पाहिलं आणि अर्धी रिकामी केली असेल नसेल, तोच दंडाला लाल पट्टी बांधलेले एक गृहस्थ झाडामागून निघाले. वस्ती समितीचे कचरा स्वयंसेवक. पूर्वी विमा कंपनीत साहेब होते.

"माक सर," ते दुःखाने म्हणाले, "तुम्ही शिक्षक."

त्यांनी मला कचराकुंडीपाशी नेऊन माझी दुसरी पिशवी उघडायला लावली. तीत सुपाची हाडं होती, ओल्या कचऱ्यासाठी आणलेली.

"चूक," ते म्हणाले. "चोथा ओला. माशाचे काटे ओले. कोंबडीची हाडं ओली. पण डुकराची मोठी हाडं सुक्यात. ती कुजत नाहीत, यंत्राचं पातं मोडतात. इतकी कठीण असतात."

मी त्या हाडांकडे पाहत राहिलो. माझ्या घरचं सूप होऊनही त्यांच्या कठीणपणाला सरकारी मान्यता होती. तीच मिळवायला मी वणवण करत होतो.

कारण दाखल्याचं काही जमत नव्हतं. मोठ्या रुग्णालयात रांग लावून मी अस्थितज्ज्ञांना भेटलो. तरुण, सज्जन बाई. त्यांनी कॅल्शियम दिलं, ऊन घ्यायला सांगितलं, पून वैद्यांच्या टाचा आपटण्यालाही मान डोलावली. पण "हा माणूस नाव वल्हवू शकतो" असं लिहून द्यायला त्या तयार नव्हत्या. आमच्याकडे तसा रकानाच नाही, म्हणाल्या, आणि लिहिलं: 'हलका व्यायाम करावा. वाकणे, पिळणे आणि झटका देणे टाळावे.' वल्हवणं म्हणजे वाकणं, पिळणं आणि झटका देणं, याशिवाय दुसरं काही नसतं.

मग पून वैद्यांकडे गेलो. त्यांनी ब्रशने, झोकदार अक्षरात लिहून दिलं: 'मूत्रपिंडाची ऊर्जा वसंतातल्या झऱ्यासारखी वाढते आहे.'

दोन्ही कागद घेऊन मी सामेईला पोचलो. शेउंग काका देवळाच्या ओट्यावर ढोलाचं कातडं ताणत बसले होते. त्यांनी दोन्ही वाचले, दोनदा वाचले.

"एक म्हणतो वल्हवू नको," ते म्हणाले. "दुसरा म्हणतो मूत्रपिंड उत्तम. अरे बाबा, मला नावेत मूत्रपिंड बसवायचं नाहीये."

"काका, मूत्रपिंड हे हाडांचं—"

"मला शिकवू नकोस. पण उद्या तुझी बरगडी गेली तर पोलीस मला विचारणार, मूत्रपिंडाला नाही. या वर्षी तू काठावर उभा राहा. झेंडा हलव. झेंड्यालाही मान असतो."

वडिलांच्या वेळचा माणूस. त्याला उलट काय बोलणार? परतीच्या बसमध्ये एका शाळकरी मुलाने मला जागा दिली, आणि मी बसलो. त्या दिवशी माझी उभं राहण्याची लायकीच राहिली नव्हती.

दुसऱ्या सकाळी शाळेला उशीर झाला म्हणून मी कोपऱ्यावरून धावत वळलो. रात्री पाऊस पडून गेला होता. माझा अर्धवट टाकलेला चोथा झाडूतून सुटून फरशीवर मस्त बुळबुळीत होऊन पसरला होता. पहिला पाय त्याच्यावर पडला तेव्हा मला फक्त एवढंच सुचलं, की मी माझंच दुखणं परत उचलतोय. मग आकाश दिसलं. मग मी पाठीवर, कमरेवर आणि शेवटी कोपरांवर, असा टप्प्याटप्प्याने फोशानच्या भूमीवर उतरलो.

भाजी घेऊन येणाऱ्या थाम काकूंनी हे सगळं पाहिलं. लाल पट्टीवाल्या गृहस्थांनीही पाहिलं.

"मोडलं काही?" काकूंनी विचारलं.

मी हात हलवून पाहिला. पाय. कंबर. मान. सगळं जागच्या जागी होतं. मी रस्त्यातच बसून राहिलो आणि मला हसू फुटलं, ते आवरेना. "नाही मोडलं, काकू," मी म्हणालो. "काहीच नाही मोडलं."

"डोक्यावर पडला वाटतं," लाल पट्टीवाले म्हणाले.

"डोक्यावर नाही, ढुंगणावर पडला," थाम काकू म्हणाल्या. "मी साक्षीदार आहे. ऊठ. तुझ्या त्या शेउंगकडे जायचंय आपल्याला."

थाम काकूंचं माहेर सामेई, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं एका जिन्यात राहून ही बाई माझ्या गावची लेक आहे हे मी विचारलं नव्हतं, आणि माझं गाव त्यांना ठाऊक असून त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्या रविवारी आम्ही बसने गेलो. याउ दादाही आले, सूप भरलेला डबा मांडीवर घेऊन. पुरावा म्हणून, म्हणाले.

देवळाच्या ओट्यावर मंडळाचे सगळे बसले होते. थाम काकूंना पाहताच शेउंग काका उठून उभे राहिले.

"ताई, तू कशी काय?"

"बस. तुला पाठीवर बांधून मी शेतं तुडवली आहेत, तेव्हा दाखला नव्हता मागितला तू. हा पोरगा माझ्यासमोर दणकन पडला. दगडावर. काही मोडलं नाही. अजून काय पाहिजे तुला?"

"पडण्याचा दाखला चालत नाही, ताई. नियम आहे."

"बरं. नियम कुणासाठी?"

"पन्नाशीवरच्या सगळ्यांसाठी."

"मग तुझा दाखला दाखव."

शेउंग काका अडुसष्ट वर्षांचे. "मी ढोल वाजवतो," ते म्हणाले. "मी वल्हवत नाही."

"ढोल काय नाकाने वाजवतोस?"

मंडळातली काही माणसं कालव्याकडे पाहू लागली. शेउंग काका मात्र सरळ माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ताई म्हणते ते बरोबर. सगळ्यांची तपासणी होऊ दे. माझी पहिली."

गावच्या दवाखान्याने तसली पेटी मागवली. पन्नाशीवरची सगळी नाव रांगेत उभी राहिली, एकेकाने बूट काढून टाच पेटीत घातली. निकाल असे लागले की नर्सने शेवटी शेवटी वाचून दाखवणंच सोडलं. निम्म्याहून जास्त फळकुटं माझ्यासारखी. ढोल माझ्याहून वाईट. उत्तम हाडं निघाली ती फक्त माझ्या चुलतभावाची, आणि त्याला अजून नावेत जागा नव्हती.

तरुणांना घेऊन शर्यत करावी, तर गावचे तरुण शेंझेनला नोकरीला. ते शर्यतीच्या दिवशी दुपारी उगवतात, आणि त्यांना वळणावर नाव कशी आडवी सरकवायची हे ठाऊक नसतं. आमचा कालवा काटकोनात वळतो. तिथे ताकद नव्हे, सवय लागते.

शेउंग काका बराच वेळ ढोलावर बोटं वाजवत बसले. "त्या बाईंनी वल्हवू नको लिहिलंय," ते मला म्हणाले, "पण हादरे चालतील म्हणाल्या?"

"हो."

"आणि सूप?"

"सुपाचं त्यांनी विचारलं नाही."

"मग असं करू. झटका मारायचा नाही. लांब, सावकाश वल्हं. जोर वळणावर, तोही तरुणांनी. म्हातारे फक्त ताल धरतील. ज्याला दुखेल त्याने हात वर करायचा, लाजायचं नाही. आणि सूप सगळ्यांनी."

आणि मग, काय सांगू, पुढचे आठवडे म्हणजे सण झाला. याउ दादांना देवळामागची मोठी कढई मिळाली आणि हाताखाली माणसं मिळाली. त्यांची पाठ पून वैद्यांइतकी सरळ झाली. थाम काकू बोरं टाकत, ते काढत, त्या पुन्हा टाकत. संध्याकाळी सगळी नाव काठावर ओळीने उभी राहून टाचा आपटे, तेव्हा वडावरचे बगळे उडून पलीकडच्या छपरांवर जाऊन बसत. फळकुटांवर एकेक जागा वाढवली, तिथे माझा चुलतभाऊ बसला, माझ्या शेजारी. तो चांगला वल्हवतो, हे मला कबूल करावं लागलं. मी शाळेत गुणगुणत जाऊ लागलो. ग्लोब मी स्वतः उचलला, दोन्ही हातांनी, डोक्यावर धरून, आणि सातवीचा वर्ग टाळ्या वाजवत राहिला.

शर्यतीच्या दिवशी आमच्या शेजारच्या रांगेत तुंगपो गावाची नाव होती. पहिला फटाका फुटला, ढोल सुरू झाले, पाणी उसळलं, आणि मी मान खाली घालून लांब, सावकाश वल्हं मारत होतो. छाती अशी भरून आली होती की तिच्यातली प्रत्येक बरगडी मला ओळखीची वाटली. वळण आलं. शेउंग काकांनी ढोल दुप्पट केला, तरुण ओरडले, नाव आडवी सरकली, काठाच्या भिंतीला शेपूट घासलं, लोकांच्या अंगावर पाणी गेलं, आणि आम्ही सुटलो. तुंगपो बरोबरीला. मी एक क्षण मान वळवली.

तुंगपोच्या ढोलावर पून वैद्य होते. लाल फडकं डोक्याला बांधून, दोन्ही हातांनी ढोल कुटत होते, आणि पायाने तालावर टाचा आपटत होते.

"माक सर, खांदे खाली," ते पाण्यावरून ओरडले. "किती वेळा सांगायचं?"

मी खांदे खाली केले. रुग्ण म्हणून ऐकणं भाग होतं. शेवटच्या रेषेवर त्यांची नाव आमच्या नाकभर पुढे गेली. बाकी सगळी गावं आमच्या मागे होती. शेउंग काका ढोलावर पालथे पडून रडत होते आणि मधून मधून हसत होते, आणि माझा चुलतभाऊ माझ्या पाठीवर थापा मारत होता. मारू दे म्हटलं.

संध्याकाळी देवळापुढे पंगत बसली. वाफाळलेल्या ताटांवरून गावं एकमेकांना चिडवत होती. पून वैद्य आमच्याच टेबलाशी येऊन शेउंग काकांचं मनगट धरून बसले होते. माझ्यापुढे भाजलेल्या बदकाचा तुकडा आला. मी काड्या उचलायला गेलो, तर हात उचलेना. दुसरा उचलून पाहिला, तोही नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत जणू ओल्या वाळूची पोती.

"हाडं शाबूत आहेत," पून वैद्य तिकडूनच म्हणाले. "हे स्नायूंचं. सोमवारी या."

सगळं टेबल माझ्याकडे पाहू लागलं. चुलतभाऊ, मंडळ, थाम काकू, शेंझेनहून आलेली पोरं. पुई-क्वान माझ्या शेजारी बसली होती. दिवसभर ती काठावर छत्री धरून उभी होती. तिने आपल्या काड्यांनी तो तुकडा उचलला, भातावर टेकवला, त्यावर फुंकर घातली आणि माझ्या तोंडाजवळ धरला.

"सगळे बघतायत," मी हळूच म्हणालो.

"बघू देत," ती म्हणाली. "मी पण सकाळपासून तेच करतेय."

मी तोंड उघडलं.